उमाचा आकडा

लग्नाच्या पंगतीत कुणी माझी ओळख करून दिली की शेजारचा माणूस आधी हसतो आणि मग सावध होतो. "या सरकारी दवाखान्यात लोकांची बुद्धी मोजायच्या," एवढं कानावर पडलं की जिलबीकडे गेलेला हात जरा अडखळतो. मग प्रश्न येतोच, "आमची किती भरेल हो?" मी म्हणते, "जेवताना मोजत नाही." सगळे हसतात आणि विषय संपतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा गमतीचे चार किस्से लिहावेत असं मनात होतं. लिहायला बसले आणि उमाच समोर येऊन बसली.

आमचं घराणं मूळचं नागपूरचं. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये माझा जन्म झाला, आणि मानसशास्त्र शिकून मी इथल्याच एका सरकारी दवाखान्यात चिकटले. माझ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि चाचणीची पेटी. पेटीत रंगीत ठोकळे, चित्रं, तुकडे जुळवायच्या पाट्या. समोरच्याला ठोकळ्यांची नक्षी करायला सांगायची, आकडे उलटे म्हणायला लावायचे, चित्रात काय कमी आहे ते विचारायचं, 'बाजारात हरवलास तर काय करशील' असे रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारायचे. प्रत्येक गोष्टीचे गुण मांडून शेवटी एक आकडा काढायचा. त्या आकड्यावर कुणाला अपंगत्वाचा दाखला मिळे, कुणाला शाळेत सवलत मिळे, कुणाचं लग्न मोडे.

आमचे प्राध्यापक सांगत, ठोकळ्यांत हुशार असलेलं मूल बहुधा शब्दांतही हुशार निघतं, आकड्यांतही निघतं. म्हणजे या सगळ्यांच्या तळाशी काहीतरी एकच असणार. त्याला सामान्य बुद्धी म्हणायचं. नव्या जागी, नव्या अडचणीत जी उपयोगी पडते, ती. दुसऱ्या गटाचे विद्वान म्हणत, असं एक काही नसतंच, वेगवेगळ्या करामती असतात आणि आपण त्यांची उगाच बेरीज करतो. परीक्षेत मी दोन्ही बाजू लिहिल्या आणि नोकरीत निमूटपणे बेरीज करत राहिले. दाखल्यावर एकाच आकड्यापुरती जागा असते.

एकदा तुलसी नगरचे एक मोठे साहेब आपल्या कुत्र्याला घेऊन आले. खरंच आले. ब्रूनो नाव. "मॅडम, याची बुद्धी मोजून द्या, घरात पैज लागली आहे." ब्रूनो बंगल्याच्या फाटकाची कडी नाकाने उघडायचा, पेपर आणायचा, साहेबांच्या सासूबाई आल्या की पलंगाखाली जायचा. ही तिसरी गोष्ट ते फार अभिमानाने सांगत होते. मी त्याला बिस्किट देऊन परत पाठवलं. काही महिन्यांनी साहेब पुन्हा भेटले, जरा उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांची बदली झाली होती, नव्या बंगल्याच्या फाटकाला कडी वरून खाली पडणारी होती, आणि ब्रूनो तिच्यासमोर उभा राहून नुसता भुंकत होता. "इतका हुशार, आणि एवढं कळू नये?" ते म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे उमा भेटल्यावर त्या हसण्याची मला धास्ती वाटायला लागली.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. बालकल्याण समितीकडून एक प्रकरण आलं. उमा, वय चोविसाच्या आसपास, पदरात आठ महिन्यांची मुलगी, परी. नवरा वेल्डिंगच्या कामाला होता, तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. आता उमाच्या दिरा-जावेने अर्ज केला होता की ही बाई मंदबुद्धी आहे, मूल आमच्याकडे द्यावं. समितीला उमाची बुद्धी किती ते हवं होतं.

खरं तर ती तपासणी एकदा झालेली होती. आमच्याकडे नुकताच एक टॅब आला होता. मुलाला किंवा मोठ्या माणसाला तो आपणहून प्रश्न विचारायचा, उत्तरं तपासायचा, घरची माहिती भरली की शेवटी आकडाही द्यायचा आणि धोका किती तोही रंगाने दाखवायचा. श्रुती ही माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, पुढे माझ्या जागी येणार होती. तिने उमाची तपासणी त्यावर केली होती.

"मॅडम, लाल आलं," श्रुती म्हणाली. "सीधा लाल. मूल वेगळं ठेवावं अशी शिफारस. पण मला कसंतरीच वाटतंय. तुम्ही एकदा बघा ना."

"का? कसंतरीच का वाटतंय?"

"ते लोक सौसरकडचे आहेत. घरात मराठी बोलतात. टॅब हिंदीत विचारत होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती."

छिंदवाड्याकडच्या त्या पट्ट्यात गावंच्या गावं मराठी बोलतात, हे इथे पुष्कळांना माहीत नसतं. मी उमाला पुन्हा बोलावलं.

ती आली तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन टोकांना दोन कुटुंबं बसली होती. एका टोकाला उमा, मांडीवर परी, शेजारी उमाची आई सुमनबाई. ती चार घरी स्वयंपाकाची कामं करायची. दुसऱ्या टोकाला दीर रमेश आणि जाऊ शोभा. मी मनात शोभाची एक प्रतिमा करून ठेवली होती, कजाग वगैरे. ती तशी नव्हती. खासगी बालवाडीत शिकवणारी, स्वच्छ, दमलेली बाई. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. परीने नुसतं हूं केलं तरी तिची मान वळायची. तिच्या पर्समध्ये परीसाठी धुतलेला रुमाल होता. मला ते सोपं गेलं नाही. समोर दुष्ट माणूस असला की आमचं काम हलकं होतं.

मी उमाला मराठीत विचारलं. तिचा चेहरा उजळला. पण गुण फारसे उजळले नाहीत. ठोकळ्यांची पहिली नक्षी तिने केली, मी "छान आहे" म्हटलं, पण दुसरीला ती हात मांडीवर ठेवून बसली. आकडे उलटे म्हणणं तिला कळलंच नाही. मी विचारलं, "बाजारात हरवलीस तर काय करशील?"

"मी हरवत नाई," ती म्हणाली. "माय सोडत नाई मले."

"पण समज, हरवलीस."

तिने पुष्कळ विचार केला. "माय कुठं गेली मंग?" आणि तिचे डोळे भरले.

या उत्तराला शून्य गुण आहेत. मी शून्य लिहिलं. आकडा टॅबपेक्षा थोडा वर आला, तरी पन्नाशीच्या आसपासच; चारचौघांचा शंभराच्या आसपास येतो. म्हणजे मशीन फारसं चुकलं नव्हतं. आतून मला ते चुकलेलं हवं होतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि माझीच मला भीती वाटली. तपासणाऱ्याला काहीही हवं असता कामा नये.

सुमनबाई दारातून सगळं ऐकत होती. ती आत आली. "बाई, आमच्या गल्लीत कुत्री व्यायली, सहा पिल्लं वाढवून राहिली. तिले कोणी आकडा इचारला काय? माह्या पोरीलेच काहून इचारता?"

श्रुती पटकन म्हणाली, "मावशी, कुत्रीच्या पिल्लाला औषधाची बाटली नसते. गॅस नसतो, रस्ता नसतो."

  दोघींचंही मला पटलं होतं.

मी समितीकडून मुदत मागून घेतली आणि घरी जाऊन बघायचं ठरवलं. अयोध्या नगरच्या एका टोकाला, नवी घरं उठत होती त्यांच्या मागे, उमा आणि सुमनबाईची एक खोली होती. पुढे म्हशी, मागे विटांचे ढीग. खोली स्वच्छ होती. परी अंगाने भरलेली, हसरी. उमा तिला अंघोळ घालायची तेव्हा बघत राहावं असा तिचा हात चाले. सगळं सुमनबाईने शिकवलेलं, एकामागून एक, रोज तसंच. त्यात कुठे खंड पडला की उमा थांबायची. साबण संपला होता तर ती ओल्या परीला धरून बसून राहिली, मी सांगेपर्यंत.

मग मी तापाच्या औषधाची बाटली आणि थेंब मोजायची नळी तिच्या हातात दिली. "परीला ताप आलाय असं समज. किती देशील?" उमाने नळी काठोकाठ भरली.  तेवढं औषध त्या वयाच्या मुलाला गेलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत होतं.

आम्ही शिकवायला लागलो. नळीवर लाल नखपॉलिशची रेघ काढली. इथपर्यंत, याच्यावर नाही. पुष्कळ दिवस लागले, पण उमा शिकली, आणि शिकली ती पक्की. मी मुद्दाम घाई केली, बोलण्यात गुंतवलं, तरी रेघेच्या वर एक थेंब गेला नाही. मी खूश होऊन घरी आले.

पुढच्या खेपेला बाटली नवी होती, नळी वेगळ्या आकाराची आणि त्यावर रेघ नव्हती. उमा ती हातात धरून उभी राहिली. भरली नाही, दिली नाही, विचारलंही नाही. "माय आली का मंग पाहीन," एवढंच म्हणाली. मला साहेबांचा ब्रूनो आठवला आणि मी स्वतःवर चिडले. माणसाशेजारी कुत्रा आठवावा हे मला लाजिरवाणं वाटलं. पण प्रश्न जात नव्हता. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं, त्यालाच आम्ही बुद्धी म्हणत आलो ना? ते हिला येत नाही. मग मी समितीला काय लिहून देणार?

त्या दिवसांत सकाळी वर्तमानपत्र उघडायची माझी हिंमत होत नसे. अजून मी काही लिहून दिलेलंही नव्हतं, तरी शहराच्या पानावर कुठल्या खोलीत कुठलं बाळ, असं काही दिसेल म्हणून ते पान मी आधी मिस्टरांना वाचायला द्यायची. ते भेलच्या कारखान्यात वगैरे नव्हते, साधे बँकेतले, पण धीराचे. "नाही आलं काही," म्हणत पान परत द्यायचे.

एका दुपारी श्रुतीने मोबाइल काढला. त्यावर बोलणारं, लिहिणारं एक नवीन मशीन होतं, आता सगळ्यांच्याच हातात आहे ते. "मॅडम, याची चाचणी घ्यायची का?" ती गमतीत म्हणाली. आम्ही आमचे तोंडी प्रश्न त्याला विचारले. शब्दांचे अर्थ, साम्य, गणित, व्यवहार. त्याने एक चूक केली नाही. बाजारात हरवलास तर काय करशील, याला तर इतकं समंजस उत्तर दिलं की मी पूर्ण गुण देऊन मोकळी झाले. मग श्रुतीच म्हणाली, "पण मॅडम, हे हरवणार कुठे?"

आम्ही हसलो. पण मला करमेना. मी तिला म्हटलं, उमाचं विचार. नाव-गाव न सांगता मी सगळं सांगितलं, खोली, अंघोळ, नखपॉलिश, आजीचा आधार. मशीनने फार सुंदर लिहिलं. आईपासून मूल तोडू नये, आधार द्यावा, वरचेवर पाहणी ठेवावी. मी लिहिलं असतं त्यापेक्षा चांगलं. मला इतकं हायसं वाटलं की ते हायसं वाटणंच मला खटकलं.

"आता शोभाच्या बाजूने सांगून बघ," मी म्हटलं.

श्रुतीने तीच हकीकत सांगितली. खोटं काहीच नाही. फक्त सुरुवात काठोकाठ भरलेल्या नळीपासून केली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बालवाडीच्या बाईपर्यंत नेली. मशीनने तितक्याच सुंदर भाषेत लिहिलं, बाळाची सुरक्षा सर्वांत आधी, मूल नातलगांकडे द्यावं, आईला भेटू द्यावं.

श्रुती वैतागली. "ये क्या बात हुई! याला अक्कल आहे की नाही?"

"आपल्याला आहे का?" मी म्हटलं. "मी बाकावर आधी शोभाशी बोलले असते तर?"

 मी थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसले होते ते, माझ्या निर्णयाला तळाशी काही पक्कं आहे, या भरवशावर. हे यंत्र सगळ्या विषयांत हुशार होतं आणि उमा एकाही विषयात नव्हती. आणि नळी बदलली की उमाला, सांगण्याची सुरुवात बदलली की यंत्राला, धड कळत नव्हतं. फक्त उमा अशा वेळी थांबत होती आणि यंत्र थांबत नव्हतं. यातून काय सिद्ध होतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

समितीच्या खोलीत पंखा फार आवाज करत होता. टॅबचा लाल कागद आणि माझा अहवाल शेजारी शेजारी ठेवलेले. मी लिहिलं होतं की मूल आईकडेच राहावं, आजी घरी असावी किंवा कुणी जबाबदार माणूस जवळ असावं, दर महिन्याला पाहणी व्हावी, ताप आला तर उमाने औषध न देता परीला घेऊन अंगणवाडीच्या ताईंकडे जावं. आकडाही लिहिला होता. तो उमासमोर मोठ्याने वाचला गेला. तिला कळला असेल असं मला वाटलं नाही.

अध्यक्ष वयस्कर होते, भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "देशकर मॅडम, आप लिखकर दे सकती हैं कि बच्ची को कुछ नहीं होगा?"

"नाही, सर."

"तो फिर?"

"कुठल्याच आईबद्दल तसं लिहून देता येणार नाही."

"बाकी माताओं के लिए मुझसे कोई पूछता नहीं," ते म्हणाले. "इसके लिए पूछेंगे. आपसे भी पूछेंगे."

शेवटी त्यांनी माझ्या बाजूने निर्णय दिला. शोभा उठून बाहेर गेली, रमेश तिच्या मागे. उमाने परीला इतकं घट्ट धरलं की परी रडायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता.  त्यांनी माझं ऐकलं होतं, आणि आता मी चुकले तर त्याची किंमत माझ्या घरातलं कुणी देणार नव्हतं.

मी निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ, भाषणं झाली. पाहणीला मी तरीही श्रुतीबरोबर जात राहिले, आता बिनपगारी. परी चालायला लागली.

मग त्या मे महिन्यात श्रुतीचा फोन आला. "मॅडम, परी ॲडमिट आहे. लू लागली, ऊन बाधलं. जुलाब, उलट्या. लगेच या."

रिक्षात मला काही सुचत नव्हतं. मनात मी समितीसमोर उभी होते आणि अध्यक्ष चष्मा काढत होते. मुलांच्या वॉर्डात शिरले तर परीच्या हाताला सलाईन, डोळे खोल गेलेले, पण मला पाहून तिने मान हलवली. खाटेच्या एका बाजूला उमा उभी आणि दुसऱ्या बाजूला शोभा. शोभाच्या केसांत धूळ होती, साडीवर उलटीचे डाग.

डॉक्टर तरुण होते, कोरडं बोलणारे. "वाचेल. पण सकाळीच आणायला हवी होती. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

मी शोभाला बाहेर घेऊन गेले. तिने सांगितलं ते असं. सुमनबाई त्या सकाळी कामावर गेली होती. परीला उलट्या सुरू झाल्या तशी उमा शिकवल्याप्रमाणे तिला उचलून अंगणवाडीत गेली. अंगणवाडीला सुट्टी लागलेली, दाराला कुलूप. उमा पायरीवर बसली. ऊन चढत गेलं तरी बसून राहिली, ताई येतील म्हणून. मीच सांगितलं होतं ना तिला, तिथेच जायचं.

"आणि मग?"

"मग दुपारी माझ्या दारात उभी," शोभा म्हणाली. "एवढ्या उन्हात, चप्पल नाही पायात. मी दार उघडलं तर पोरगी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाली, तुह्याकडे गाडी हाय." शोभा साडीवरचा डाग चोळत राहिली. मग ती म्हणाली, "समिती आता मलाच विचारणार. मी काय सांगू, मॅडम? तिने उशीर केला हे खरंय. माझ्याकडे आली हेही खरंय."

मी आत येऊन उमाशेजारी बसले. "उमा, शोभाकडे जा असं तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाई."

"मग कशी गेलीस?"

"तिच्याकडे गाडी हाय."

"ती परीला ठेवून घेईल अशी भीती नाही वाटली?"

उमाने माझ्याकडे पाहिलं. मी अगदीच वेड्यासारखं विचारलं असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"वाटली ना," ती म्हणाली, आणि परीचे पाय चेपायला लागली.

हे माझ्या चाचणीत कुठे बसवायचं? ती चतुराई होती की नुसती घाबरलेली धाव? एखादी मांजर पिल्लाला तोंडात धरून अनोळखी घरात शिरते तसं काही होतं का? मी पुष्कळ पुस्तकं उघडून बघितली. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी मला तितक्याच सफाईने लिहिता आलं असतं. ब्रूनोची गोष्ट मी श्रुतीला सांगितलेली होती. ती म्हणाली, "मॅडम, ती नवीन फाटकातून गेली." तेवढ्यापुरतं ते बरं वाटलं. पण ती पायरीवर बसून राहिली तेही मला विसरता येत नाही. त्या उन्हात परी गेली असती तर आज मी हा लेख लिहीत नसते.

शोभाने समितीसमोर दोन्ही गोष्टी सांगितल्या, जशा माझ्याजवळ सांगितल्या तशाच. अध्यक्षांनी तिला विचारलं, मूल तुम्हाला हवं आहे का? ती म्हणाली, हवं आहे, पण असं नको. मग तोडगा निघाला. सुमनबाई कामावर असते तेवढा वेळ परी आणि उमा दोघी शोभाकडे. शोभा बालवाडीतून आली की दार उघडते आणि सुमनबाई मग कामाला निघते. दोघी जावा फार बोलत नाहीत. शोभा कधी उमावर ओरडते, उमा कधी परीला उचलून निघून जाते आणि थोड्या वेळाने परत येते. पण ते चाललं आहे.

परवा उमा परीला घेऊन माझ्या घरी आली. परी आता साडेतीन वर्षांची, चुरूचुरू बोलणारी, मराठी-हिंदीची मजेदार भेळ करणारी. शाळेत नाव घालायचं होतं. मला वाटलं, कुठल्या शाळेत ते विचारायला आली असेल.

"मॅडम, हिची तपासणी करा," उमा म्हणाली.

"कशाला? छान आहे की परी. मला तर दिसतंच आहे."

उमा खाली बघत होती. "पहिल्या दिवशी मलेबी तुम्ही असंच म्हटलं. छान हाय. मंग तिथं आकडा वाचला." ती थांबली. "माह्यासारखी तर नाई ना ही?"

म्हणजे तिला कळलं होतं. त्या पंख्याच्या आवाजात, इतक्या माणसांत, तिला सगळं कळलं होतं, आणि तेव्हापासून ती ते घेऊन हिंडत होती.

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. आकड्याने माणूस ठरत नाही, असलं. ते सांगण्याचा मला काय अधिकार? मी श्रुतीला फोन करून पेटी मागवली आणि जेवणाच्या टेबलाशी परीला बसवलं. ती माझी शेवटची चाचणी. उमा दाराशी उभी होती. परी कुठे अडखळली की तिचे ओठ हलत.

"सगळं ठीक आहे, उमा," मी शेवटी म्हटलं. "वयाप्रमाणे अगदी बरोबर. काही गोष्टींत पुढेच आहे थोडी."

उमा हसली. अगदी मनापासून. मग ते हसू हळूहळू आटलं.

"मंग माह्यं ऐकंन का ती? मोठी झाल्यावर?"

मी म्हटलं, "माझी मुलगी माझं ऐकत नाही."

"तुमचं? तुम्ही तं इतक्या शिकल्या."

"तरी नाही ऐकत."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही. तिने परीच्या चपला घातल्या, दोन्ही पट्टे ओढून बघितले. आमचा जिना उंच आहे आणि खाली दारासमोरच रस्ता, दिवसभर गाड्या. मी गॅलरीत आले. परी आईचा हात सोडवून पुढे पळाली, फाटकातून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. 

"थांब, परी," उमा म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्याच आवाजात.

परी थांबली.